अण्णांचा कॉम्प्रेसर

हवेसारखी फुकटची वस्तू टायरात भरायची कशानं, एवढं ठरवण्यात आयुष्याची अकरा वर्षं घालवणारे गृहस्थ अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच होऊन गेले, आणि ते नेमके माझे सासरे निघाले. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणत. अकरा वर्षांत माणसं घर बांधतात, मुली उजवतात, तीर्थयात्रा करून येतात. अण्णांनीही यातलं बरंच केलं, पण जाता जाता. कोपरीतली राहती जागा त्यांनी एका दुपारी पाहिली आणि त्याच दुपारी पसंत केली. जावई म्हणून मला पसंत करायला तर त्यांना अर्धा कप चहा पुरला. उरलेला अर्धा कप माझ्या स्कूटरच्या मागच्या चाकात हवा किती कमी आहे, हे सांगण्यात संपला. मात्र जीपच्या टायरांसाठी हातात धरून नेता येईल असा एक लहानसा कॉम्प्रेसर घ्यायचा, हा विषय निघाला की त्यांचं मन कुठेच ठरेना.

हवेशी त्यांचं नातं जुनं होतं. ठाण्याच्या एका कारखान्यात ते फिटर म्हणून लागले आणि पुढची तीस वर्षं तिथल्या कॉम्प्रेसर हाऊसमध्ये राहिले. खोलीएवढं ते यंत्र दिवसभर धडधडत हवा दाबून सगळ्या खात्यांना पुरवत असे. त्या धडधडीत त्यांचा उजवा कान गेला. "उजवा कंपनीला दिला, डावा घरच्यांना ठेवलाय," असं ते म्हणत. त्यावर सासूबाई म्हणत, "डावाही कंपनीलाच दिलाय, घरी नुसती हजेरी लावतो." जेवताना ते उजवी बाजू भिंतीकडे करून बसत. इतरांच्या शर्टाच्या खिशात पेन असतं तिथे अण्णांच्या खिशात हवेचा दाब मोजायची पितळी कांडी असे. रस्त्यानं चालताना उभ्या गाड्यांच्या टायरांवर बोटाच्या पेरानं टकटक करायची आणि डावा कान जवळ नेऊन "बावीस आहे, सव्वीस पाहिजे" असं स्वतःशीच पुटपुटायचं, ही त्यांची नेहमीची सवय. एकदा अशीच टकटक चालली असताना आत बसलेल्या मालकानं काच खाली करून विचारलं, "काय पाहिजे?" अण्णा म्हणाले, "मला काही नको. तुमच्या पुढच्या डाव्याला चार पौंड पाहिजे." तो गृहस्थ पुढे कित्येक वर्षं दिवाळीला आमच्याकडे फराळाला येत असे. पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्याला मात्र अण्णा दिसले की अवेळी भूक लागायची आणि तो डबा घेऊन दिसेनासा व्हायचा. कारण पंपाचा काटा दोन पौंड खोटं बोलतो, हे अण्णा त्याला सिद्ध करून दाखवत आणि मागे कितीही रांग लागली तरी सिद्धता अर्धी सोडत नसत.

माझ्या लग्नात वरातीची गाडी फुलांनी सजून उभी होती, तेव्हा नवरीचे वडील तिच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते. लोकांना वाटलं, मुलगी निघाली म्हणून बापाला भरून आलं. प्रत्यक्षात ते हवा सोडत होते. "फार टणक भरलीय. पोर हादरे खात जायला नको," म्हणाले. त्या दिवशी अंगात रेशमी कुडता होता, त्याला खिसा नव्हता, त्यामुळे कांडी घरी राहिली होती आणि हवा अंदाजानं सुटली. अंदाज चुकला. आमची वरात एका सायकलच्या दुकानापुढे अर्धा तास अडली, बँडवाल्यांची माहीत असलेली सगळी गाणी वाजवून संपली, आणि अण्णा त्या दुकानदाराला पंप कसा धरावा ते शिकवत राहिले.

लष्कराच्या लिलावात घेतलेली एक जुनी जीप त्यांच्या चाळीपुढे उभी असे. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस ती पुसली जायची आणि एक दिवस चालायची. तो दिवस भाऊबिजेचा. अण्णांची थोरली बहीण, आक्का, मुरबाडच्या पुढच्या एका गावात दिली होती. डांबरी रस्ता संपला की नदीचं पात्र लागे, कलिंगडाएवढाल्या गोट्यांनी भरलेलं, आणि पलीकडे चढावर गाव. एस्टी अलीकडेच थांबायची. भावाची गाडी एकदा तरी दारात उभी राहावी, असं आक्का कधीकाळी थट्टेत बोलून गेल्या होत्या आणि अण्णांनी ते मनावर घेतलं होतं. नदीच्या अलीकडे जीप थांबवायची, चारही टायरांतली अर्धी हवा सोडायची, म्हणजे टायर मऊ पडून गोट्यांना धरून चालतो. "हवा भरायला ताकद लागते, काढायला अक्कल लागते," असं अण्णा त्या वेळी हमखास म्हणत. "रस्ता आडमुठा असला की टायरनं नमतं घ्यायचं, जावईबापू. दोघंही ताठ राहिले तर मधल्या माणसाची हाडं मोडतात." संसारातही ते याच तत्त्वानं वागत असावेत, कारण सासूबाईंशी त्यांचं भांडण झालेलं मी कधी ऐकलं नाही.

येताना मात्र पंचाईत असे. अर्ध्या हवेवर डांबरी रस्त्यानं कल्याणपर्यंत यायचं म्हणजे टायर तापून फाटायची खात्री, आणि जवळचा हवेचा पंप कित्येक मैलांवर. म्हणून नदी ओलांडून अलीकडे आलं की अण्णा पायपंप काढत. चार टायर, एकेकाला दीडदोनशे दट्टे, मध्ये मध्ये दम खाणं. दीड तास सहज जाई. बहिणीनं भावाला वेशीपर्यंत पोचवायची त्यांच्याकडची रीत, आणि आक्कांच्या हिशेबी त्यांची वेस डांबरी रस्त्याला होती. त्या पुढच्या सीटवर ऐटीत बसून नदीतून अलीकडे येत, हवा भरून होईतो एका दगडावर बसत आणि मग पायांनी नदी उतरून परत जात. मला सख्खी बहीण नाही, त्यामुळे भाऊबिजेला मी रिकामा. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षापासून अण्णा मला बरोबर नेऊ लागले. हवा भरण्याचा तो दीड तास मी लांब एका झाडाखाली वर्तमानपत्र वाचत आणि मनात चडफडत काढायचो. परतताना मीच म्हणालो, "अण्णा, हल्ली बॅटरीवर चालणारे छोटे कॉम्प्रेसर मिळतात. एक घेऊन टाकू." हा किडा त्यांच्या डोक्यात सोडला तो मी. पुढच्या अकरा वर्षांबद्दल तक्रार करायचा मला अधिकार नाही.

पहिला आला तो डोंबिवलीतल्या आमच्या शेजाऱ्यानं आखाती देशातून आणलेला, प्लॅस्टिकचा, डब्याएवढा. अण्णांनी तो अर्धा दिवस चालवून पाहिला. दहा मिनिटांत तो हात लावू नये इतका तापायचा आणि मग त्याला अर्धा तास विश्रांती लागायची. "याला पेन्शन द्या," अण्णा म्हणाले, आणि विषय मिटला. मग एक असा आला, की इंजिनाचा एक प्लग काढून त्या जागी तो बसवायचा, म्हणजे इंजिनच हवा मारून देतं. त्यात उरलेल्या तीन सिलिंडरवर जीप अशी काही थरथरली, की सासूबाईंनी गॅलरीतून "अहो, उतरा आधी" म्हणून हाक मारली. तोही परत गेला. माजिवड्याच्या एका गॅरेजवाल्यानं लॉरीच्या ब्रेकचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर फिरवून दाखवला. एक टायर दोन मिनिटांत भरला. मी खूश झालो. गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, लॉरीचं मशीन आहे. तुमची जीप जाईल, हे राहील. आता बोला, अजून काय पायजे?" अण्णा बराच वेळ त्या यंत्राभोवती फिरले, सगळीकडे हात लावून पाहिला आणि शेवटी म्हणाले, "फार घाईचं आहे." तीस वर्षं यंत्रांत काढलेल्या माणसाच्या तोंडी हे वाक्य मला विचित्र वाटलं, पण वयाचा परिणाम म्हणून मी सोडून दिलं.

अण्णांचा जीव जडला तो फक्त एकाच यंत्रावर. विठ्ठलवाडी स्टेशनजवळ एक फ्रिज दुरुस्तीवाला जुन्या फ्रिजचे कॉम्प्रेसर काढून त्यांच्यावर हवा भरायचा. त्याला ना धडधड ना थरथर. कोपऱ्यात मांजर झोपल्यागत ते गुरगुरायचं आणि एक टायर भरायला पाऊण तास घ्यायचं. अण्णा त्याच्याशेजारी स्टूल टाकून बसले, तो टायर पूर्ण भरेपर्यंत दुरुस्तीवाल्याशी त्याच्या मुलाबाळांबद्दल बोलले आणि उठताना म्हणाले, "याला म्हणतात मशीन." अडचण एवढीच, की त्याला घरातली वीज लागे. तरी पुढचे दोन महिने नदीकाठच्या खांबावरून वायर कशी ओढता येईल याची चित्रं ते काढत होते. सासूबाई मला म्हणाल्या, "अहो, यांना कॉम्प्रेसर घ्यायचाच नाहीये. यांना नुसता पाहायचाय." मी हसलो. सासूबाईंचं म्हणणं मी तेव्हा ऐकायला हवं होतं.

निवृत्त झाल्यावर अण्णांच्या छातीत दुखलं आणि चार दिवस इस्पितळात काढावे लागले. डॉक्टरांनी विचारलं, "व्यायाम काय करता?" अण्णा म्हणाले, "वर्षातून एकदा चार टायर." डॉक्टरांनी समजून घेतलं आणि पायपंप बंद करून टाकला. आता भाऊबिजेचं काय, हा घरात मोठाच प्रश्न झाला. एस्टीनं जा म्हटलं तर अण्णा ऐकेनात. गाडी आक्काच्या दारात गेली नाही तर गाव म्हणेल, भाऊ हटला. म्हणून त्यांची एकसष्टी आली तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं, शाल-श्रीफळ नको, कॉम्प्रेसरच द्यायचा. निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी दोन महिने मुंबईचे जुन्या यंत्रांचे बाजार पालथे घातले. किती मिनिटांत भरतो, किती तापतो, बॅटरी किती खातो, नळी मागच्या चाकापर्यंत पोचते का, चिमटे थेट बॅटरीला धरतात का, सगळं पारखून घेतलं. शेवटी कुठल्याशा जहाजावरून उतरलेला, दोन सिलिंडरचा, लोखंडी, दणकट असा एक मिळाला. एकसष्टीच्या दिवशी तो पाटावर ठेवला, रांगोळी काढली, त्यालाही हळदकुंकू लागलं. अण्णांनी त्याच्यावरून हात फिरवला. "चांगला आहे," म्हणाले. "यात काही खोट काढता येत नाही." अकरा वर्षांत त्यांना जमलं नाही ते आपण दोन महिन्यांत केलं, या आनंदात त्यांच्या आवाजाकडे मी लक्ष दिलं नाही.

त्या भाऊबिजेला येताना नदीच्या अलीकडे जीप थांबली. आक्का दगडावर टेकल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बाळू, तुला एक सांगायचं होतं." अण्णांनी डावा कान पुढे केला. त्याच वेळी मी चिमटे लावून बटण दाबलं. वर इंजिन चालू, खाली कॉम्प्रेसर. पाखरं झाडावरून उठून पलीकडच्या तीरावर गेली. आक्कांचे ओठ हलताना दिसत होते. अण्णांनी हातानं खूण केली, जरा थांब. मी एका चाकाकडून दुसऱ्याकडे नळी ओढत होतो आणि घड्याळ पाहत होतो. बाराव्या मिनिटाला चारही टायर भरले. यंत्र बंद करून मी विजयानं म्हणालो, "बघा, अण्णा. बारा मिनिटं." आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "झालं पण?" एवढंच म्हणाल्या. अण्णा विचारायला लागले, "काय सांगत होतीस?" तोवर एस्टी आली होती, गावातली चार माणसं उतरून आक्कांना सोबत म्हणून थांबली होती. गाडी तयार उभी असताना रस्त्याच्या कडेला भावाशी बोलत बसणं त्या घरच्या सुनेला, ती साठीपुढची झाली तरी, शोभणारं नव्हतं. "राहू दे," त्या म्हणाल्या, "पुढल्या भाऊबिजेला सांगीन." शहाडला अण्णा म्हणाले, "मशीन चांगलं आहे."

पुढच्या वर्षी निघताना अण्णांनी पायपंप जीपमध्ये टाकला. "तुमच्या मशीनचे चिमटे सैल झालेत," म्हणाले. मी आदल्याच दिवशी ते पाहिले होते, चांगले घट्ट होते. पण त्यांच्या तोंडाकडे पाहून मी पंपाला जागा करून दिली. डॉक्टरांच्या हुकमामुळे पंप मारायचा होता मला. त्यामुळे बारा वर्षांत पहिल्यांदा पायपंपाच्या वेळी मी झाडाखाली न जाता चाकाशी होतो, आणि त्या दोघांचं बोलणं पहिल्यांदा माझ्या कानावर पडलं. आक्का गेलेल्या आईवडिलांबद्दल बोलल्या, थोरल्या मुलानं वेगळी चूल मांडायचं काढलंय ते बोलल्या, सुनेचं एक गाऱ्हाणं सांगून लगेच तिची बाजूही घेतली. भरल्या घरात दिवसभर भावाला वाढण्यापलीकडे त्यांना बोलायला मिळत नव्हतं. वर्षाचं सगळं साठवून त्या इथे आणत होत्या. तिसऱ्या टायराला मी वाकलो तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "मला डाव्या डोळ्यानं दिसत नाही रे, बाळू. उजव्यानंही कडेकडेचं दिसेनासं झालंय."

अण्णा उठून उभे राहिले. "कधीपासून?"

"दोन वर्षं होतील. मीठ चिमटीनं मोजते, नदी पायांनी ओळखते. घरात कुणाला ठाऊक नाही. सांगितलं की मला चुलीपासून उठवतील, मग त्या घरात मी कोण?"

"पत्र नाही टाकायचं?"

"पत्र लिहायला नातू बसवायचा ना? मागच्या खेपेलाच सांगणार होते. राहून गेलं."

अण्णा माझ्याकडे वळले. मी तासभर घाम गाळून भरलेली हवा त्यांनी चार मिनिटांत सोडून दिली. आम्ही पुन्हा नदी ओलांडून गावात गेलो, तुळशीच्या लग्नाला बहिणीला माहेरी नेतो असं त्यांनी तिच्या घरी सांगितलं, आणि आक्का लुगड्याचं गाठोडं घेऊन जीपमध्ये बसल्या. अलीकडे येऊन मी चारही टायर पुन्हा भरले. डॉक्टरांनी बंदी घातलेली असूनही एका टायराला शेवटचे वीसेक दट्टे अण्णांनीच मारले. मी अडवलं नाही.

ठाण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजवा डोळा सांभाळता येईल म्हणाले, आणि तो शेवटपर्यंत सांभाळला गेला. डाव्याचं काही होण्यासारखं नव्हतं; आठदहा महिने आधी आणलं असतं तर थोडं वाचवता आलं असतं, असं ते कागदावर लिहिता लिहिता म्हणाले. मी अण्णांकडे पाहायचं टाळलं. बाहेर बाकावर बसल्यावर मात्र राहवेना. "अण्णा, तुम्हाला मशीन का नको होतं ते मला एकदा तरी सांगायचं होतं."

अण्णांनी खिशातली पितळी कांडी काढून हातात फिरवली. मग म्हणाले, "मला तरी कुठे माहीत होतं? मशीन पाहिलं की एवढंच वाटायचं, हे घेऊन नदीवर जायला नको. का वाटतं, ते कळायचं नाही. तीस वर्षं मेन्टेनन्समध्ये काढली, जावईबापू. बिघाड मशीनमध्येच शोधायची सवय." आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "पाय दुखत असतील ना तुमचे?" त्या डोळ्यावरून मला त्यांनी पुढे आयुष्यात कधी एक अक्षर ऐकवलं नाही. त्यांनी एकदा रागावून घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

कॉम्प्रेसर कोपरीतल्या पंक्चरवाल्याला दिला, तो त्याच्याकडे उत्तम चालला. त्यानंतर आणखी तीन भाऊबिजा मिळाल्या, आणि तीनही वर्षं हवा मी भरली. दोघांकडे पाठ करून, दर पन्नास दट्ट्यांना थांबून, गरज नसताना नळी तपासून, जमेल तेवढा वेळ काढत. पुढे नदीवर पूल झाला. हवा सोडायचं कारण उरलं नाही, जीप तडक आक्कांच्या दारात जाऊ लागली, आणि बहीणभावाचं बोलणं चारचौघांतल्या ख्यालीखुशालीवर आलं. मग आक्का गेल्या, त्यांच्यामागून दोन वर्षांत अण्णाही गेले. पुलावरून मी अजूनही कधीतरी जातो. त्या तीन भाऊबिजांना मी दोन-दोन तास लावले होते. आणखी सावकाश भरायला हवी होती, असं आता वाटतं.